वय 42, टेस्टोस्टेरॉन 280 आलं, सतत थकवा असतो. टेस्टोस्टेरॉन रिप्लेसमेंट थेरपी सुरू करावी का?

एवढ्या एकाच रिपोर्टवर तरी नको. अमेरिकन युरॉलॉजिकल असोसिएशनच्या मार्गदर्शक सूचनांनुसार 300 नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरपेक्षा कमी पातळी दोन वेगवेगळ्या दिवशी, सकाळी लवकर घेतलेल्या रक्तात दिसली आणि जोडीला लक्षणंही असली, तरच कमतरता मानतात. दुपारी रक्त दिलं असेल तर आकडा कमीच येणार. आजारपण आणि अपुरी झोप यांनीही तो घसरतो. शिवाय नुसता थकवा हे फार मोघम लक्षण आहे. थायरॉईड, हिमोग्लोबिन, झोपेत श्वास अडकणं, नैराश्य हे आधी तपासा. कामेच्छा कमी होणं, सकाळचा ताठरपणा जाणं ही लक्षणं जास्त बोलकी.

दुसऱ्यांदाही कमी आलं तर एलएच आणि प्रोलॅक्टिन (मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतली दोन हार्मोन्स) यांची रक्त तपासणी करून घ्या, म्हणजे दोष वृषणात आहे की पिट्युटरीत ते कळेल. थेरपी सुरू करण्याआधी हिमॅटोक्रिट (रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण) आणि पीएसए (प्रोस्टेटसाठीची रक्त तपासणी) हवंच. या औषधाने रक्त घट्ट होऊ शकतं. हिमॅटोक्रिट 54 टक्क्यांवर गेलं तर डोस कमी करतात किंवा थांबवतात. वजन जास्त असेल तर आधी ते उतरवून बघा, पातळी बऱ्याचदा आपोआप वर येते.

मात्र मूल हवं असेल तर टेस्टोस्टेरॉन घेण्याचा विचार बाजूला ठेवा. बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतलं की मेंदूकडून वृषणाला जाणारा संदेश थांबतो आणि शुक्राणू जवळजवळ शून्यावर येऊ शकतात (जिममधले सल्लागार हे सांगत नाहीत). बंद केल्यावर ते परत यायला कित्येक महिने लागतात. अशा वेळी डॉक्टरांना क्लोमिफेन किंवा एचसीजी या औषधांबद्दल विचारा, ती वृषणालाच टेस्टोस्टेरॉन बनवायला लावतात.