वाचकांचे प्रश्न : नळीवरचे ‘क्रुप’ आणि बंदुकीचे वय

प्रश्न : आम्ही नोकरीनिमित्त जर्मनीत येना येथे राहतो. शेजारच्या आजींनी त्यांच्या वडिलांची तीन नळ्यांची शिकारीची बंदूक दाखवली. नळीवर ‘क्रुप, एसेन’ आणि नळ्यांच्या बुडाशी, खालच्या अंगाला, मुकुटाखाली काही अक्षरे व ‘५ २७’ असे आकडे आहेत. ही क्रुप कंपनीची ५२७ क्रमांकाची बंदूक समजावी का?

उत्तर : नाही. हा गैरसमज इतका पसरलेला आहे, की विकणारेही पुष्कळदा अशा बंदुकीला ‘क्रुपची’ म्हणतात. एसेनचा क्रुप कारखाना नळ्यांसाठी पोलाद पुरवीत असे, आणि ते नाव त्या पोलादाचे आहे. बंदूक घडवली कोणी, हे त्यावरून ठरत नाही. नळ्यांच्या मधल्या पट्टीवरचे नावही कित्येकदा विकणाऱ्या दुकानदाराचे असते. म्हणून कारागिराची आद्याक्षरे किंवा लहानसा व्यापारी शिक्का बुडाच्या सपाट भागावर शोधावा.

वयाचा खरा पुरावा तुम्ही पाहिलेल्या मुकुटांतच आहे. जर्मनीत १८९१ च्या कायद्याने प्रत्येक बंदुकीची सरकारी चाचणी (नळी दारूचा दाब सोसते का, हे झाडून पाहणे) सक्तीची केली आणि तो १ एप्रिल १८९३ पासून लागू झाला. त्या दिवशी आधीच तयार असलेल्या मालावर मुकुटाखाली ‘व्ही’ उमटवले गेले. पुढे मुकुटाखालचे ‘जी’ पिळाच्या (रायफल) नळीसाठी, ‘एस’ छऱ्यांच्या गुळगुळीत नळीसाठी, ‘डब्ल्यू’ तोंडाशी निमुळत्या केलेल्या नळीसाठी आणि ‘एन’ धूररहित दारूच्या चाचणीसाठी वापरले जाई. १ एप्रिल १९४० पासून मुकुटाची जागा गरुडाने घेतली. तेव्हा तुमची बंदूक त्याआधीची आहे.

‘५ २७’ हा क्रमांक नसून चाचणीचा महिना आणि वर्ष, म्हणजे मे १९२७, असावा. थुरिंगियातील झूल येथे, जे तुमच्यापासून फार दूर नाही, १९२० च्या दशकात तारीख अशीच कोरली जाई. बंदुकीचा स्वतःचा क्रमांक वेगळा असतो. तो नळ्यांवर, कुलपाच्या भागावर (जिथे नळ्यांची मागची बाजू बंद होते) आणि पुढच्या लाकडाखालच्या लोखंडावर एकच आहे का, हे जरूर पाहावे.

दोन छऱ्यांच्या नळ्या व खाली एक रायफलची नळी, अशा बंदुकीला तिकडे ‘ड्रिलिंग’ म्हणतात. वर्तुळात ‘१६’ असेल, तर छऱ्यांच्या नळ्या १६ बोअरच्या (बोअर म्हणजे नळीच्या पोकळीचे माप). त्या काळच्या १६ बोअरच्या बंदुकांत काडतुसाचे घर बहुधा ६५ मिलिमीटरचे असते आणि त्यात आजचे ७० मिलिमीटरचे काडतूस घालणे धोक्याचे आहे. त्यामुळे परवानाधारक बंदूक-कारागिराकडून ते मोजून घेईपर्यंत आजींनी ती झाडू नये.