मोटरसायकलला टायर प्रेशर मॉनिटर लावणं खरंच उपयोगाचं आहे का?

टायर ट्यूबलेस असतील आणि सामान लादून, मागे कोणाला बसवून हायवेला जाणं होत असेल, तर चाकातली हवा सतत मोजून ती कमी झाली की इशारा देणारं हे यंत्र जरूर लावा. तुम्ही लिहिलंय की रोज ऑफिस आणि अधूनमधून पुण्याहून कोकण. त्यातल्या कोकणासाठी लावा. नुसत्या ऑफिससाठी विचारलं असतंत, तर हवा मोजायचा चांगला गेज घ्या आणि आठवड्यातून एकदा सकाळी हवा बघा, एवढंच सांगितलं असतं.

ट्यूबच्या टायरमध्ये खिळा घुसला की बहुतेक वेळा हवा भसकन जाते आणि गाडी वळवळायला लागते. सेन्सर ओरडेपर्यंत तुम्हाला कळलेलं असतं. ट्यूबलेसमध्ये खिळा रबरात घट्ट बसतो आणि हवा तासन्‌तास झिरपत राहते. पुढचं चाक बसायला लागलं तर हँडल जड होतं, निदान हाताला जाणवतं. मागचं मात्र फसवतं. सरळ रस्त्यावर सगळं ठीक वाटतं, आणि ताम्हिणीच्या उतारावर गाडी झुकवली की मागून सरकल्यासारखं होतं. कारचं एक चाक गेलं तर सावरायला तीन उरतात, आपल्याला एकच. माझ्या लेखी या यंत्राची सगळी किंमत त्या झिरपणाऱ्या हवेची खबर वळणाच्या आधी मिळण्यात आहे.

अमेरिकेत फायरस्टोनचे टायर निकामी होऊन फोर्डच्या गाड्या उलटल्या, त्या प्रकरणानंतर 2000 साली कायदा झाला आणि 2007 पासून नव्या कारना हे सक्तीचं झालं. युरोपात 2014 पासून. दुचाकी दोन्हीकडे वगळल्या आहेत. अमेरिकेच्या नियमात दिवा लागतो तो हवा 25 टक्के कमी झाल्यावर. बाइकला हा हिशेब लावू नका. 32 पीएसआयच्या (पीएसआय म्हणजे हवेचा दाब मोजायचं एकक) टायरला अलार्म 24 वर वाजला तर फार उशीर झाला. मी 28 वर लावायला सांगेन.

आकडे वाचताना घाबरू नका. सकाळी 20 अंशांना भरलेली 32 पीएसआय हवा टायर तापून 50 अंशांवर गेला की 36-37 दाखवते. हे बरोबर आहे, ती सोडायची नाही. कंपनीचा आकडा थंड टायरचा असतो आणि तो बहुधा चेन कव्हरजवळच्या स्टिकरवर मिळतो. मागे कोणी बसणार असेल तर मागच्या चाकाचा आकडा वेगळा असतो, तोही तिथेच बघा. पंपावरचा मुलगा विचारल्याशिवाय दोन्ही चाकांत सारखीच हवा मारतो, त्याला आकडा तुम्हीच सांगायचा.

आता घेताना काय बघायचं. आपल्याकडे बहुतेक जण वॉल्व्हवर फिरवून बसवायच्या, आत सेन्सर असलेल्या टोप्या घेतात, त्या स्वस्त आणि बसवायला सोप्या. पण 10 ग्रॅमची टोपी 17 इंची चाकावर ताशी 100 किलोमीटर वेगाला वॉल्व्हला दीड किलोहून जास्त जोराने बाहेर ओढते. रबरी वॉल्व्ह जुना, भेगाळलेला असेल तर तो मुळाशी फाटू शकतो, म्हणजे सुरक्षेसाठी बसवलेली वस्तूच हवा घालवणार. त्यामुळे आधी धातूचे वॉल्व्ह बसवून घ्या, हे मी आग्रहाने सांगतो. दुसरं, ही टोपी वॉल्व्हची पिन सतत दाबून धरते. टोपीचा वॉशर खराब झाला की हवा तिथूनच जाते. बसवल्यावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघा, आणि नंतरही मधूनमधून बघत राहा. टायरच्या आत बसणारे सेन्सर या दोन्ही बाबतींत चांगले, पण टायर उतरवावा लागतो आणि बॅटरी संपली की पुन्हा तेच. टायर बदलायची वेळ जवळ आली असेल तर तेव्हाच आतले बसवा.

डिस्प्ले उन्हात वाचता येतो का आणि पावसात टिकतो का, हे दुकानातच विचारा. फोनवर आकडे दाखवणारे घेतलेत तर फोन खिशात असताना इशारा कानापर्यंत पोचायला हवा.

सोबत प्लगिंग किट (ट्यूबलेसचं पंक्चर बुजवायचं सामान) आणि छोटा पंप ठेवा, नाहीतर अलार्म वाजल्यावर घाटात करणार काय? आणि वाजलाच तर जोरात ब्रेक मारू नका. ॲक्सिलरेटर हळूच सोडा, गाडी सरळ ठेवा, आणि ज्या चाकात हवा आहे त्याचा ब्रेक हलक्या हाताने लावत कडेला घ्या. हवा मागची गेली असेल तर पुढचा, पुढची गेली असेल तर मागचा.