'बाब', 'तू' आणि 'आपण': गोव्यातल्या बैठकीत नव्या माणसाने काय म्हणावं?

नाशिकहून फोंड्याला राहायला आलेल्या एका वाचकांनी विचारलंय: "मी इथल्या एका मराठी वाचनमंडळात नुकताच जाऊ लागलोय. ज्येष्ठांच्या नावाला सगळे 'बाब' जोडतात. हा शब्द कुठला, आणि मी तो वापरू का? तिशीतला एक सभासद सत्तरीच्या गृहस्थांना खुशाल 'तू' म्हणतो, ते कुणाला खटकत कसं नाही? उलट 'पैस' शब्दावर बोलताना मी त्याच गृहस्थांना आदराने म्हटलं, 'आपण सांगितलेला अर्थ चुकीचा आहे, आपण कोश पाहावा', तर सगळे एकदम गप्प झाले."

'बाब'चं उत्तर सोपं आहे. 'ही बाब गंभीर आहे' यातला शब्द वेगळा. तो स्त्रीलिंगी, अरबीतून फारसीमार्गे आलेला. मूळ अर्थ दार, मग ग्रंथाचं प्रकरण. 'बाबत'ही त्याच घरचा. गोव्यातली हाक 'बाबा', 'बापू' यांच्या गोतातली आहे. कोंकणी लिखाणात 'बाब' हा 'श्री'च्या जागी नावाआधी येतो, बोलताना नावाच्या शेवटी लागतो, आणि इथे मराठी बोलणारेही तो तसाच वापरतात. बा. भ. बोरकर (१९१०–१९८४) दोन्ही भाषांत लिहीत. गोव्याने त्यांना 'बाकीबाब' म्हटलं आणि आजही म्हणतो. इथेच वापराची खूण सापडते. 'बोरकरबाब' नव्हे, 'बाकीबाब'. म्हणजे हाकेच्या नावाला 'बाब' लागतो, आडनावाला सहसा नाही. आडनावापुढे 'साहेब' किंवा 'सर' लावायची सवय असलेल्याची जीभ इथे घसरते. तुम्ही जरूर वापरा, पण आधी मंडळी त्या माणसाला कोणत्या नावाने हाक मारतात ते दोन-चार बैठकी ऐकून घ्या. 'पात्रांव' मात्र इतक्यात नको. पोर्तुगीज 'पात्रांव' म्हणजे मालक. इथे तो दोस्तीतला शब्द झालाय, आणि दोस्ती व्हायला वेळ लागतो.

आता 'तू'. गोव्यात असंख्य घरांत बोलणं कोंकणीत आणि वाचन-लेखन मराठीत, अशी जुनी रीत आहे. १९८७ च्या कायद्याने कोंकणी राजभाषा झाली आणि सरकारी कामात मराठीच्या वापरालाही जागा राहिली, पण बैठकीत या दोन भाषा एका वाक्यातसुद्धा नांदतात. कोंकणीत 'तुमी' आहेच, तरी 'तूं'चा वावर मराठीतल्या 'तू'पेक्षा बराच मोकळा आहे. 'तूं किदें म्हणटा?' हे ज्याच्या तोंडात बसलंय, तो मराठीत शिरताना सहज 'तू काय म्हणतोस?' म्हणून जातो. त्यात उद्धटपणा शोधू नका. आपणही आईला आणि विठ्ठलाला 'तू'च म्हणतो. खरा आदर पारखायचा असेल, तर ते गृहस्थ नसताना हा तरुण त्यांच्याबद्दल कसं बोलतो ते ऐका: 'आज आला नाही' म्हणतो, की 'आज आले नाहीत'. क्रियापद खोटं बोलत नाही.

पण त्याचा 'तू' ही काही तुम्हाला परवानगी नव्हे. त्यांची ओळख लहानपणापासूनची असेल, तुमची महिन्याभराची आहे. नव्या माणसाने 'तुम्ही'पासून सुरुवात करावी. 'तू'वर यायचं की नाही, हे वयाने मोठ्या माणसाने ठरवायचं. ते तुम्हाला 'तू' म्हणू लागले, तर समजा की तुम्हाला आत घेतलंय. तुम्ही मात्र 'तुम्ही'वरच राहा.

'आपण'ने घात केला असं मला वाटतं, आणि ते नीट समजून घेण्यासारखं आहे. मराठीत हा शब्द तीन कामं करतो. 'आपण जाऊ' यात बोलणारा आणि ऐकणारा दोघेही येतात. 'तो आपण होऊन आला' म्हणजे स्वतःहून. आणि 'आपण कधी आलात?' हा आदराचा. कोणता 'आपण' आहे ते क्रियापद सांगतं: 'आपण चुकलो' मध्ये दोघे वाटेकरी, 'आपण चुकलात' मध्ये समोरचा एकटा. स्वागताला, निमंत्रणाला, आभाराला आदराचा 'आपण' शोभतो. वादात त्याची तऱ्हा पालटते. घरातली माणसं भांडतानाची भाषा आठवा. रोज 'तू' म्हणणारी बहीण चिडली की म्हणते, "आपण फार शहाणे, आपल्याला कोण सांगणार!" आदर चढतो आणि माणूस लांब जातो. म्हणून मतभेदाच्या वाक्यात आलेला 'आपण' मराठी कानाला टोमण्यासारखा लागतो, म्हणणाऱ्याचं मन कितीही स्वच्छ असो. त्यात 'कोश पाहावा' ही आज्ञा. 'पाहावा'चं रूप सौम्य आहे, पण नव्या माणसाने जुन्या जाणत्याला अभ्यासाला बसवलं, असंच ते ऐकू येतं.

शिवाय 'पैस'बद्दल दोघांचंही बरोबर असणार. मराठीत पैस म्हणजे ऐसपैस, विस्तीर्ण. कोंकणीत 'पयस' म्हणजे दूर. 'पयस गेला' हे ज्याने जन्मभर ऐकलंय, तो त्या शब्दाला दूरचाच अर्थ सांगणार. तेव्हा म्हणायचं ते असं: "तुम्ही सांगितलात तो अर्थ मला नवा आहे. मी 'पैस' मोकळा-विस्तीर्ण या अर्थाने वाचलाय. इथे तो दूर या अर्थाने कसा येतो, एखादं वाक्य सांगाल का?" यात तुमचं मत कुठेही मागे घेतलेलं नाही. समोरच्याला मात्र सांगायला जागा मिळाली, आणि असा प्रश्न विचारला की गोव्यातली जाणती माणसं भरभरून बोलतात, हा माझा नेहमीचा अनुभव आहे. पुढच्या बैठकीत त्यांना हे असंच विचारा. वेगळी माफी मागत बसायची गरज नाही.

तुम्ही विचारलेलं नाही, पण स्त्रियांच्या बाबतीतही अडेल म्हणून सांगतो. 'बाब'ची जोडी 'बाय'. छापील कोंकणीत ती मानाची आहे, पण घरात लहान मुलीलाही लाडाने 'बाय' म्हणतात, त्यामुळे अनोळखी प्रौढ बाईंना नवख्याच्या तोंडून ती सलगीची वाटू शकते. 'ताई' निर्धास्त वापरा. १९७३ ते १९७९ गोव्याच्या मुख्यमंत्री असलेल्या शशिकला काकोडकर लोकांच्या 'ताई'च होत्या.