आधी पाण्याची वाट, मग झाड

बंद पडलेले कारखाने, गोद्या, तेलाच्या टाक्या, गॅसनिर्मितीचे जुने संच यांच्या नदीकाठच्या आणि खाडीकाठच्या जमिनी देशी झाडांनी पुन्हा जित्या करण्याविषयी वाचकांची बरीच पत्रे आली. त्यांतल्या निवडक प्रश्नांची ही उत्तरे.

प्रश्न : धातू शोषून घेणारी झाडे असतात असे वाचले. सूर्यफूल, मोहरी, नेचे अशी झाडे लावून नदीकाठची दूषित जमीन किती वर्षांत शुद्ध होईल?

उत्तर : कागद-पेन्सिल घेऊन हिशेब करा. एक हेक्टर जमिनीचा वरचा 30 सेंटिमीटरचा थर म्हणजे 3000 घनमीटर, सुमारे 3900 टन माती. तिच्यात किलोमागे 10 मिलिग्रॅम कॅडमियम आहे आणि ते 2 वर आणायचे आहे, असे धरू. म्हणजे सुमारे 31 किलो कॅडमियम बाहेर काढायचे. पीक चांगले आले, हेक्टरी 10 टन सुका पाला मिळाला आणि त्यात किलोमागे 50 मिलिग्रॅम कॅडमियम चढले, तर वर्षाला निघते अर्धा किलो. काम संपायला 62 वर्षे! तेही 30 सेंटिमीटरपुरतेच, आणि कारखान्याच्या जमिनीत विष बहुधा त्याहून खूप खोल असते. शिसे तर मुळातून पानात जवळजवळ चढतच नाही. आर्सेनिक भरभरून ओढणारा एक नेचा 2001 मध्ये शास्त्रीय नियतकालिकात नोंदवला गेला आणि त्याचा उपयोगही होतो, पण उथळ, सौम्य प्रदूषणापुरता. कापलेला पाला दरवेळी विषारी कचरा म्हणून वेगळा न्यावा लागतो. त्याचे खत केले की विष जिथल्या तिथे परत येते.

मग झाडे कशाला? दोन कामांसाठी, आणि ती दोन्ही मोठी आहेत. पहिले, माती धरून ठेवणे. शिसे किंवा पारा चिकटलेला मातीचा कण धूळ होऊन उडाला नाही, पावसात वाहून नदीत गेला नाही, की बरेचसे काम झाले. दाट, तंतुमय मुळांचे गवत हे काम झाडांपेक्षा चांगले करते. दुसरे, तेलकट प्रदूषण. डिझेल, वंगण आणि डांबरातले हलके घटक मुळांभोवतालचे जीवाणू खातात. त्यांना हवा, ओल, नत्र आणि स्फुरद लागते. जड डांबर मात्र चिवट असते आणि त्याला वर्षानुवर्षे लागतात.

सिएटलचा गॅस वर्क्स पार्क याचे उत्तम उदाहरण आहे. 1906 ते 1956 तिथे कोळशापासून आणि तेलापासून गॅस बनत असे. रचनाकार रिचर्ड हाग यांनी सांडपाण्याचा गाळ आणि लाकडाचा भुसा मातीत नांगरून जीवाणूंना खाद्य दिले, राडारोड्याची टेकडी करून ती स्वच्छ मातीने झाकली आणि 1975 मध्ये उद्यान खुले झाले. तरी 1984 मध्ये प्रदूषक आढळल्याने ते काही काळ बंद ठेवावे लागले. जीवाणूंनी काम केले, पण सगळे नाही. म्हणून लावणीच्या खर्चाबरोबर पुढच्या तपासण्यांचा खर्चही पहिल्याच आराखड्यात धरा.

प्रश्न : मातीचे किती नमुने घ्यावेत? पाच ठिकाणची माती एकत्र करून एकच नमुना पाठवला तर चालेल का? खर्च वाचतो.

उत्तर : शेतासाठी चालते, इथे नाही. पाच जागांपैकी एकीत शिसे किलोमागे 2000 मिलिग्रॅम आणि चारांत 50 असेल, तर एकत्र नमुन्यात 440 येईल. जिथे धोका आहे ती जागा सापडत नाही आणि जिथे नाही तिथेही भीती बसते.

आधी जुने नकाशे आणि हवाई छायाचित्रे मिळवा. विद्युत मुलाम्याचा विभाग जिथे होता तिथे क्रोमियम आणि सायनाइड शोधा. रोहित्रांच्या ओट्याखाली पीसीबी, म्हणजे जुन्या रोहित्रांच्या तेलातले विषारी रसायन. जहाजे खरवडण्याच्या उतारावर शिसे, तांबे आणि कथिलयुक्त रंग. डांबर लावलेल्या लाकडी खांबांभोवती क्रिओसोट, म्हणजे लाकूड टिकवण्याचे डांबरी तेल. या जागांवर नमुने दाट घ्या, उरलेल्या जमिनीवर 15 ते 20 मीटरच्या चौकटीने. प्रत्येक ठिकाणी निदान तीन वेगवेगळ्या खोलींवरची माती पाहा : 0 ते 15, 15 ते 60 आणि 60 ते 120 सेंटिमीटर, आणि काही ठिकाणी भूजलापर्यंत. हातातले क्ष-किरण यंत्र धातूंचा अंदाज मिनिटाभरात देते आणि चाळणीसाठी फार उपयोगी आहे, पण ओल्या मातीत आकडे कमी दाखवते. तेल आणि पीसीबी त्याला दिसतच नाहीत, ते प्रयोगशाळेतच कळतात.

अहवालात आम्लता अवश्य मागा, कारण उपाय तिच्यावर ठरतो. चुना घालून सामू (पीएच, आम्लतेचे माप) 6.5 ते 7 वर आणला की कॅडमियम, जस्त आणि शिसे मातीत घट्ट बसतात. पण जमिनीत आर्सेनिक किंवा सहासंयुजी क्रोमियम (क्रोमियमचे विषारी रूप) असेल, तर तोच चुना त्यांना मोकळे करतो. शिसे बांधायला फॉस्फेट छान, पण आर्सेनिक असेल तर फॉस्फेट त्याची जागा घेते आणि आर्सेनिक पाण्यात उतरते. एका विषाचे औषध दुसऱ्याला वाट करून देते. त्यामुळे "सरसकट चुना टाका" असा सल्ला मिळाला तर तो आधी तपासून घ्या.

प्रश्न : दूषित जमिनीवर स्वच्छ माती टाकून झाडे लावायची आहेत. माती किती हवी? मुळे खाली गेली तर?

उत्तर : गवत आणि झुडपांसाठी निदान 60 सेंटिमीटर, मोठ्या झाडांसाठी 100 ते 120. सगळीकडे 120 टाकणे परवडत नाही, म्हणून झाडांच्या जागी उंचवटे करा आणि मध्ये 60 ठेवा. जमिनीला चढउतारही छान येतो. हेक्टरभर 60 सेंटिमीटर म्हणजे 6000 घनमीटर, 10 घनमीटरच्या गाडीच्या 600 खेपा. माती बसते, म्हणून 15 ते 20 टक्के जास्त मागवा. आणि आणलेल्या मातीचीही तपासणी करा. ही पायरी गाळली तर विषावर विषच पडू शकते.

थर खालून वर असे : दूषित जमिनीला उतार देऊन सपाटी, त्यावर ठळक नारिंगी जाळी, मग जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारे, माती अडवणारे कापड), 15 ते 20 सेंटिमीटर जाड खडी, पुन्हा जिओटेक्स्टाइल आणि वर माती. जाळी कशासाठी? वीस वर्षांनी नळ टाकायला कुणी खणले तर फावड्याला नारिंगी दिसताच हात थांबावा म्हणून. खडी कशासाठी? कोरड्या ऋतूत खालचे खारट, धातूमिश्रित पाणी बारीक मातीतून केशाकर्षणाने वर चढते आणि पृष्ठभागावर पांढरा थर सोडते. जाड खडीतल्या मोठ्या पोकळ्यांत ही चढण तुटते. खडी सोडून माती थेट भरावावर टाकली, की तीन-चार वर्षांत रोपांच्या पानांच्या कडा करपू लागतात.

मुळांचे म्हणाल, तर बहुतेक झाडांची पोषण घेणारी मुळे वरच्या 60 सेंटिमीटरमध्येच पसरतात आणि कोरडी खडी लागली की आडवी वळतात. खरी काळजी वादळाची. झाड उन्मळले की मुळांच्या गड्ड्याबरोबर खालचे सगळे वर येते. त्यासाठी मोठी, तयार झाडे आणण्यापेक्षा 30 ते 60 सेंटिमीटरची रोपे गटागटाने लावा आणि भोवती झुडपांची कड ठेवा. लहान रोप आपल्या मापाने मुळे पसरते आणि वाऱ्याला जास्त टिकते.

प्रश्न : काठावर काँक्रीटची सरळ भिंत आहे. ती काढून उतार करून पाणवनस्पती लावल्या तर?

उत्तर : करावेच, पण भिंतीमागे काय दडले आहे ते बघितल्याशिवाय एकही ठोकळा हलवू नका. पुष्कळदा ती भिंतच दूषित भरावाला नदीपासून अडवत असते. मागचा भराव किमान 5 मीटरच्या पट्ट्यात तपासा, दूषित असेल तर उचला आणि मगच भिंत तोडा.

आणखी एक चूक फार घडते. भरती-ओहोटीच्या पट्ट्यातला काळा गाळ खणून काठावर वाळत घातला जातो. त्यात लोह सल्फाइड असेल तर हवा लागताच गंधकाम्ल तयार होते, सामू 4 च्या खाली जातो आणि धातू विरघळून पहिल्याच पावसात नदीत उतरतात. असा गाळ ओलाच राहू द्यावा; हलवावाच लागला तर त्याची आम्ल देण्याची क्षमता प्रयोगशाळेत मोजून त्या हिशेबाने चुना मिसळावा.

उतार शक्य तेवढा मंद ठेवा. दलदलीच्या गवतांना 10 ला 1 (10 मीटर आडवे गेल्यावर 1 मीटर उतार) उत्तम. जागा नसेल तर 6 ला 1. 3 ला 1 पेक्षा उभा केला तर लाटा माती ओढून नेतात. पायथ्याला 30 सेंटिमीटर जाडीचे काथ्याचे लोळ दोन्ही बाजूंनी मीटर-मीटरवर खुंट ठोकून बसवा. ते दोन ते पाच वर्षांत कुजतात, तोवर मुळे धरलेली हवीत. मोठ्या बोटींच्या लाटा येत असतील तर लोळ पुरत नाहीत, बाहेरून दगडांची बुटकी रांग लागतेच.

कोणते रोप कुठे, हे पुस्तकातून ठरवू नका. त्याच प्रवाहावरचा जवळचा शाबूत काठ शोधा. प्रत्येक वनस्पती कमीत कमी आणि जास्तीत जास्त कोणत्या उंचीवर उगवते ते समतलदर्शकाने मोजा आणि त्याच उंच्या नव्या उतारावर खुणा करून उतरवा. 10-15 सेंटिमीटर खाली लावलेले रोप बुडून मरते. रोपे 30 सेंटिमीटरवर लावली तर चौरस मीटरला 11 लागतात, 45 वर लावली तर 5. लाटांच्या कडेला दाट, आत विरळ. पहिली दोन वर्षे पक्ष्यांपासून जाळी हवी, नाहीतर कोवळे कोंब एका आठवड्यात फस्त होतात.

प्रश्न : पावसाचे पाणी जमिनीत मुरवणारी वर्षाबाग या काठावर करावी का?

उत्तर : उघड्या दूषित जमिनीवर मुळीच नाही. मुरलेले पाणी विष विरघळवून भूजलातून थेट नदीत नेते. पर्यावरणासाठी म्हणून केलेली गोष्ट इथे उलटी पडते. पाणी स्वच्छ थरावरूनच फिरवा : खाली 1.5 मिलिमीटरचे एचडीपीई (जाड, पाणी न झिरपू देणारे प्लास्टिक) अस्तर, 100 मिलिमीटरचा छिद्रांचा नळ, खडी, वर 60 सेंटिमीटर वाळूमिश्रित माती आणि ओल सोसणारी गवते. जर्मनीत दुइसबुर्गच्या जुन्या लोखंड कारखान्यावर पीटर लात्झ यांनी हेच तत्त्व वापरले : सांडपाणी जमिनीखालच्या नळात घातले आणि वर चिकणमातीचे अस्तर दिलेल्या कालव्यातून फक्त पावसाचे पाणी वाहू दिले. शांघायच्या हाउतान उद्यानात मात्र हेतू वेगळा आहे. तिथे 1.7 किलोमीटर लांब, 5 ते 30 मीटर रुंद पाणथळ पट्ट्यातून नदीचेच पाणी शुद्ध होते. रचनाकारांच्या आकड्यानुसार दिवसाला 2400 घनमीटर. दोन्हींची नक्कल एकाच जागी करू नये.

प्रश्न : लावणी छान झाली, पण दुसऱ्या वर्षी निम्मी रोपे पिवळी पडली. विषामुळे का?

उत्तर : बहुतेक वेळा नाही. अवजड यंत्रे फिरून माती दगडासारखी दाबलेली असते. लोखंडी गज ओल्या मातीत हाताने 30 सेंटिमीटर शिरत नसेल तर मूळही शिरणार नाही. खड्डा खणून पाणी भरा. दुसऱ्या दिवशीही तसेच असेल तर मुळे गुदमरली आहेत. मग क्षारता तपासा, मीटरमागे 4 डेसिसिमेन्सच्या वर असेल तर खार न सोसणारी झाडे टिकत नाहीत. काँक्रीटच्या चुऱ्याने सामू 8 च्या वर गेला असेल तर लोह मिळत नाही : पान पिवळे, शिरा हिरव्या. भरपूर शेणखत घालणे हा यावरचा उपाय नव्हे. खत आकारमानाने 5 ते 10 टक्क्यांच्या वर गेले तर तण माजते, देशी गवते दबतात आणि जास्तीचे नत्र नदीत जाते.

प्रश्न : काठावरच्या डबक्यात इंद्रधनुषी तवंग दिसतो. तेल पाझरते आहे का?

उत्तर : काडीने ढवळून पाहा. तवंगाचे काचेसारखे तुकडे पडून ते वेगळेच राहिले तर ते लोहजीवाणूंचे काम, निरुपद्रवी. काडीभोवती गोल फिरून तवंग पुन्हा जुळून आला तर ते तेल आहे. असे दिसले तर त्या जागेवर लावणी थांबवा, पाण्याचा नमुना काचेच्या बाटलीत काठोकाठ भरून थंड ठेवा आणि त्याच दिवशी प्रयोगशाळेत द्या.