फुलं गेली, कुंड्या उरल्या

प्रश्न : ताई, मी बँकेतून निवृत्त झालो आणि मुलीच्या आग्रहावरून डिसेंबरात नर्सरीतून पिटुनिया, फ्लॉक्स, डेलिया, शेवंती अशी फुललेली रोपं आणली. पूर्वेच्या गॅलरीत ठेवली. रोज नेमाने पाणी घातलं. दोन-तीन महिने घर सणासारखं वाटत होतं. एप्रिलअखेर सगळं वाळून गेलं. बागकाम कायमचा आनंद देतं म्हणतात, माझा तर उन्हाळ्यातच संपला. माझ्या हाताला गुण नाही का? कुंड्या देऊन टाकू का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : तुमचं पत्र वाचून आधी एक गोष्ट सांगावीशी वाटते. तुमच्या हातून झाडं मेलेली नाहीत. पिटुनिया आणि फ्लॉक्स आपल्याकडे हिवाळ्यापुरतेच लावतात. थंडीत फुलायचं, ऊन तापलं की वाळायचं, एवढंच त्यांचं आयुष्य. ते त्यांनी तुमच्या गॅलरीत पूर्ण जगलं. नर्सरीत रोप देताना हे कुणी सांगत नाही, आणि तुमच्यासारखी कितीतरी माणसं स्वतःला दोष देत बसतात. याचं मला फार वाईट वाटतं.

डेलियाची कुंडी मात्र आजच उकरून बघा. वर काडी वाळली असली तरी खाली कंद असतील. कडक असले तर झटकून, कोरड्या वाळूत, सावलीत ठेवून द्या. पाऊस सरला की पुन्हा लावा. शेवंतीही बुडाशी हिरवी असेल तर जमिनीलगत छाटा. बाजूने फुटवे येतील, ते पावसाळ्यात वेगळे करून लावायचे. तिला दिवस लहान आणि रात्र मोठी झाल्याशिवाय कळी धरत नाही. म्हणून सप्टेंबरपासून ती रात्रभर जळणाऱ्या दिव्याच्या उजेडात ठेवू नका.

आता आनंदाचं. तुम्ही फुललेली रोपं आणलीत, म्हणजे वाट बघण्याचा भाग दुसऱ्याने उरकला आणि शेवट तेवढा तुमच्याकडे आला. माझ्या मते बागेचा टिकणारा आनंद त्या वाट बघण्यात आहे. माझ्या गच्चीत फुटबॉल लिलीची कुंडी आहे, सासूबाईंनी साताऱ्याहून आणलेल्या कांद्यांची. तिची पानं हिवाळ्यात झडतात आणि मग मेपर्यंत कुंडीत नुसती माती दिसते. पाहुणे विचारतात, ही रिकामी कुंडी कशाला ठेवलीय? मेच्या अखेरीस, वळवाच्या आगेमागे, मातीतून जाड दांडा वर येतो आणि त्यावर लाल गोळा फुलतो. एका कांद्याला वर्षात एकच फूल, तेही आठ-दहा दिवसांचं. पण एप्रिल लागला की रोज सकाळी मी त्या मातीकडे बघते, आणि ते बघणं मला फुलाइतकंच प्रिय आहे. कांदे वाढत जातात, म्हणून वाटताही येतात. सासूबाई गेल्या, त्यांचे कांदे आज माझ्या बहिणीकडे, शेजारी, भाचीकडे फुलतात.

मोगऱ्याचंही तसंच. संक्रांत झाली की त्याला ताण द्यायचा, म्हणजे पाणी कमी करायचं, पानं काढायची, शेंडे छाटायचे, मग माती हलवून शेणखत आणि भरपूर पाणी. होळीच्या सुमारास कळ्या दिसू लागतात. पण त्याला पाच-सहा तास ऊन हवं. तुमच्या गॅलरीत दहा-अकरालाच ऊन जात असेल तर मोगऱ्याचा हट्ट धरू नका. गवती चहा, जाड पानांचा ओवा, अळू लावा. ओव्याच्या पानांची भजी पहिल्या पावसात तळली की मुलीलाही बोलवा.

कुंड्या मुळीच देऊ नका, मातीही टाकू नका. जुन्या चादरीवर पसरून चार-पाच दिवस कडक उन्हात तापवा, ढेकळं फोडा. तीन भाग मातीला एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत आणि कुंडीमागे मूठभर नीमपेंड मिसळा. नेमाने रोज पाणी घालण्याची सवय तेवढी सोडा. बोट दोन पेरं आत घाला. ओल लागली तर त्या दिवशी पाणी नको. पावसाळ्यात कुंडीतली बरीच झाडं पाण्यानेच कुजतात.

पाऊस सुरू झाला की गोकर्णाचं बी रात्रभर भिजवून लावा आणि वेल ग्रिलवर चढवा. बी शेजाऱ्यांकडून मागून आणा, त्या निमित्ताने ओळखही होईल. गणपतीच्या आसपास निळी फुलं यायला हरकत नाही. जुलैच्या अखेरीस झेंडू पेरलात तर दसऱ्याचं तोरण घरच्या फुलांचं होईल. आणि शेवंती जगली असेल, तर दिवाळीत तिला कळ्या धरल्या का ते मला जरूर लिहा.