बाप धावतो, ते दाखव

पोरी,

प्रभूच्या नावात सलाम.

तुझं पत्र वाचलं, मग तू केलेली फिल्म पाहिली. आपल्या चर्चच्या मंडळीचे पंच म्हणतात, पोरीनं पवित्र शास्त्राचा तमाशा केला. नागपूरचे तुझे सिनेमावाले दोस्त म्हणतात, हा तर धर्मप्रचार. आणि तू विचारतेस, सेमिनरीचा, म्हणजे धर्मशिक्षणाचा, फॉर्म भरू की फिल्मच्या कोर्सचा? फॉर्मचं मागाहून बोलू. या दोघांनाही खूश करायच्या नादात तू जे केलंस, त्याचा मला राग आलाय.

येशूनं सांगितलेला उधळ्या पुत्राचा दाखला, बापाकडून घेतलेला वाटा उधळून घरी परतणाऱ्या पोराची गोष्ट, तू आपल्या यवतमाळकडच्या वावरात आणलास, हे मला फार आवडलं. पण डुकरं राखून, उपाशी राहून परतलेल्या पोराच्या अंगात इस्त्रीचा शर्ट? नखं स्वच्छ? आणि बाप ओसरीवर उभा, मागून पिवळा प्रकाश, धूर, बासरी. जागचा हलत नाही! बायबलातल्या लूकच्या शुभवर्तमानाचा १५वा अध्याय काढ, विसावं वचन वाच. पोरगा दूर असतानाच बापाला दिसला, बापाला कळवळा आला, आणि तो धावला. आपल्याकडचा म्हातारा पाटील गावादेखत धावताना कधी पाहिलास? धोतराचा सोगा सुटेल, धुऱ्यावरची पोरं हसतील, म्हणून तो धावत नाही. हा धावतो. देव कसा आहे, हे त्या दाखल्यात येशूनं त्या धावण्यातून सांगितलं, आणि तू ते धुरात घालवलंस.

देह दाखव. तुझ्या पंचांनाही हेच सांग आणि दोस्तांनाही. 'शब्द देही झाला', म्हणजे देव माणूस झाला, हे आपण दर नाताळात वाचतो आणि वाचून झालं की देह विसरतो. आठव्या शतकात चर्चमध्ये चित्रांवरून रान पेटलं होतं, तेव्हा दमास्कसच्या योहान या धर्मपंडितानं चित्रांची बाजू मांडली: अदृश्य देवाचं चित्र काढता येत नाही हे खरंच, पण तो माणूस होऊन डोळ्यांना दिसला, तर जे दिसलं ते काढता येतं. ७८७ साली निकायाच्या दुसऱ्या धर्मपरिषदेनं चित्रांच्या बाजूनं कौल दिला. आपल्या पंचांना ती परिषद मान्य नसेल, नसो. मला कॅमेरा हातात घ्यायची परवानगी तिथं मिळते.

आता दोस्तांचं. इटलीचा दिग्दर्शक पासोलिनी त्यांना पाठ असेल. स्वतःला नास्तिक म्हणवणारा, मार्क्सवादी. त्यानं १९६४ साली मत्तयाच्या शुभवर्तमानावर सिनेमा केला. दक्षिण इटलीतल्या मातेराच्या दगडी वस्तीत, साध्या माणसांना घेऊन. म्हातारी मरिया म्हणून स्वतःच्या आईला उभं केलं. संवाद जवळजवळ सगळे मत्तयाचेच. त्याला प्रचार म्हणायची कुणाची छाती आहे? त्याआधी १९२८ मध्ये डेन्मार्कच्या ड्रायर या दिग्दर्शकानं जोन ऑफ आर्क या जाळून मारलेल्या फ्रेंच संत पोरीच्या खटल्याचा सिनेमा काढला, तोही खटल्याच्या जुन्या नोंदींवरून, आणि नटीच्या चेहऱ्यावर मेकअप लावू दिला नाही. कातडी, घाम, अश्रू. तिची श्रद्धा त्या चेहऱ्यावर दिसते. कुणी समजावून सांगावी लागत नाही.

आणि फाळके? 'राजा हरिश्चंद्र' १९१३चा. त्याआधी मुंबईत त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला होता, आणि तो पाहताना त्यांच्या डोळ्यांपुढे राम-कृष्ण उभे राहिले. हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. एका ब्राह्मणाला पडद्यावरच्या येशूत आपले देव दिसले, आणि आपल्या मंडळीला अजून सिनेमाची भीती वाटते!

मी प्रोजेक्टर घेऊन गावोगाव फिरायचो, हे तुला घरच्यांनी सांगितलं असेल. दोन बल्ल्यांना पांढरी चादर बांधायची, जनरेटर लांब ठेवायचा. तेलुगूत १९७८ साली आलेला येशूच्या जीवनावरचा 'करुणामयुडू' हिंदीत 'दयासागर' म्हणून आमच्याकडे असायचा. एका गावात पुढच्या रांगेत कापूस वेचून आलेल्या बाया बसल्या होत्या. बोंडांनी चिरलेली बोटं. पडद्यावर खिळा ठोकला गेला तेव्हा एकीनं आपला तळहात झटकन पदरात ओढून घेतला. ती ख्रिस्ती नव्हती. तेवढ्यात पाहुणे उपदेशक मला म्हणाले, मशीन थांबव, आता मी संदेश देतो. मी थांबवलं नाही. त्या बाईच्या हाताला जे कळलं होतं, त्याच्या मध्ये आणखी कुणी उभं राहायची गरज नव्हती. पुढं प्रोजेक्टर माझ्याकडून काढून घेतला, उद्धट म्हणून नाव पडलं. पडू दे. उद्या पुन्हा तोच प्रसंग आला तरी मी मशीन थांबवणार नाही. हळहळ आहे ती निराळी: जन्मभर दुसऱ्यांची रिळं फिरवली, स्वतःचं एक मिनिटही चित्रित केलं नाही. तुझ्या हातातल्या मोबाईलनं आज ते होतं, आणि तू त्यात धूर सोडतेस!

रागावू नकोस. ओढ आहे म्हणून बोलतो.

फॉर्मचं म्हणशील, तर आपल्या यवतमाळातली सेमिनरी १९८३ मध्ये पुण्याला गेली, आणि फिल्म इन्स्टिट्यूटही पुण्यातच. कोणताही भर, गाडी तीच. सेमिनरीत गेलीस तर ग्रीक शिक, पण गुरुजींना विचार की येशू आंधळ्याच्या डोळ्याला थुंकीचा चिखल का लावतो, नुसतं बोलून का बरं करत नाही. फिल्मकडे गेलीस तर विश्वास खिशात लपवून ठेवू नकोस, दोस्तांना काय वाटेल म्हणून.

पण निघण्याआधी बापाचा प्रसंग पुन्हा घे. पऱ्हाटी उभी आहे तोवरच. तुझ्या आजोबांनाच बाप कर. त्यांचा गुडघा दुखतो, म्हणून धावणं खरं दिसेल, पण एकदाच धावायला लाव. प्रकाश दुपारचा, बासरी नको. आणि थोरला भाऊ तू कापलास, तो परत घाल. तो वावरातून येतो, घरात गाणंबजावणं ऐकतो, आत जायला तयार होत नाही, आणि बाप त्याचीही समजूत काढायला बाहेर येतो. पंचांना तोच प्रसंग सगळ्यात जास्त बोचेल. बोचू दे. नवी फिल्म पाठव, मग पंचांकडे मीही येतो तुझ्यासोबत.