सोतोच्या बदल्यात काय मिळालं?

प्रश्न : बेसबॉलपटू हुआन सोतो यांकीज संघ सोडून मेट्स संघाकडे गेला. यांकीजना भरपाई मिळाली का? – एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : मिळाली, पण नावापुरती. मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या अव्वल बेसबॉल लीगमध्ये, सहा वर्षं भरली की खेळाडू कुठल्याही संघाकडे जायला मोकळा होतो. यांकीजनी नियमाप्रमाणे एका वर्षासाठी २ कोटी १० लाख ५० हजार डॉलर देऊ केले, ते सोतोने नाकारले, म्हणूनच भरपाईचा हक्क मिळाला. डिसेंबर २०२४ मध्ये मेट्सनी १५ वर्षांसाठी ७६ कोटी ५० लाख मोजले. यांकीजचा पगारखर्च लीगच्या करमर्यादेपलीकडे (जिच्यापुढे संघाला जादा कर पडतो), म्हणून ड्राफ्टमध्ये (संघांनी आळीपाळीने नवे खेळाडू निवडण्याच्या फेऱ्यांमध्ये) चौथ्या फेरीनंतरची एकच निवड पदरात पडली. सोतोला घेतल्याबद्दल मेट्सच्या मात्र दोन निवडी गेल्या. चेंडू सोडून दिल्यावर माती घासत पिचरकडे (चेंडू टाकणाऱ्याकडे) रोखून बघणारा सोतो आठवला, की अजून जीव हळहळतो.